'सैराट'वरून लोक आजही का भांडतात? कारण प्रत्येकानं वेगळाच अर्धा सिनेमा पाहिलाय

लग्नाची वरात असू दे, गणपतीची मिरवणूक असू दे, नाहीतर कॉलेजचं गॅदरिंग. 'झिंगाट' लागलं की कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा असलेला माणूसही दोन पावलं पुढं येतो. हे गाणं 'सैराट'चं.

आता दुसरीकडं बघा. पेपरच्या जिल्हा पानावर बातमी असते. भावानं बहिणीला मारलं किंवा सासरच्यांनी जावयाला मारलं, कारण लग्न घरच्यांच्या मर्जीविरुद्ध झालं होतं. मथळ्यात एक शब्द हमखास येतो, 'सैराट'. आणि गावातलं एखादं जोडपं पळून गेलं की पारावर चेष्टेनं म्हटलं जातं, "ते सैराट झाले."

म्हणजे एकाच सिनेमाचं नाव नाचताना घेतलं जातं, टिंगल करताना घेतलं जातं आणि खुनाची बातमी देतानाही घेतलं जातं. असं भाग्य म्हणा किंवा दुर्भाग्य, फार कमी सिनेमांच्या वाट्याला येतं.

'सैराट' आला २०१६ मध्ये. तेव्हा सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. काही आईबापांचं म्हणणं, या सिनेमानं पोरं बिघडवली. काहींचं म्हणणं, एका समाजाची बदनामी केली. काहींना वाटतं, जातीसारखा गंभीर प्रश्न गाण्यात घोळवून विकला. आणि मोठा वर्ग असाही आहे, जो म्हणतो की मराठीत असा सिनेमा झाला नाही.

हे सगळे एकाच सिनेमाबद्दल बोलतायत का? तिथंच खरी गंमत आहे.

आधी बघू, 'सैराट' नेमका केवढा होता

दिग्दर्शक नागराज मंजुळे. गाव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं जेऊर. २००९ च्या 'पिस्तुल्या' या लघुपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मग आला 'फँड्री', ज्याचं देशाविदेशात कौतुक झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रेमकथा करायला घेतली.

मुख्य भूमिकेत अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर. दोघांचाही पहिलाच सिनेमा. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' प्रदर्शित झाला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये रिंकूचा विशेष उल्लेखही झाला होता. पण गावागावातल्या लोकांनी तिकीट काढलं ते बर्लिनमुळं नाही, अजय-अतुलच्या गाण्यांमुळं. या गाण्यांच्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग थेट लॉस एंजेलिसला झालं होतं.

सुमारे चार कोटींत झालेला हा सिनेमा १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. काही ठिकाणी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. थिएटरमध्ये पडद्यापुढं जाऊन लोक नाचले. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीची सवय असलेल्या पडद्यावर सोलापूरकडची बोली आली आणि तीच राज्यभर फॅशन झाली.

त्याच वर्षी जानेवारीत 'नटसम्राट' आला होता आणि त्यानं मराठीतले कमाईचे विक्रम केले होते. चार महिन्यांत 'सैराट'नं ते मागं टाकले.

इतक्या लोकांनी पाहिलेला सिनेमा म्हटल्यावर मतं वेगवेगळी असणारच. पण इथं मतं फक्त वेगळी नव्हती, पार उलटी होती.

एका तिकिटात दोन सिनेमे

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी भांडण समजून घेण्यासाठी ती दोन तुकड्यांत बघावी लागेल.

पहिला तुकडा मध्यंतरापर्यंतचा. बिटरगाव नावाचं गाव. तिथल्या बड्या पाटलाची लेक अर्चना, म्हणजे आर्ची. मासेमारी करणाऱ्या घरातला प्रशांत काळे, म्हणजे परश्या. त्याचे दोन जिगरी, सल्या आणि लंगड्या. विहीर, क्रिकेट, कॉलेज, चिठ्ठ्या, उसाचं रान. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि कुणाला ऐकून घेत नाही. सिनेमातली चारही गाणी याच भागात आहेत.

दुसरा तुकडा मध्यंतरानंतरचा. यात एकही गाणं नाही. दोघं पळून हैदराबादला जातात. झोपडपट्टीतली खोली, उघडी गटारं, संडासाची अडचण. बंगल्यात वाढलेली आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू शिकते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. दोघांत भांडणं होतात, संशय येतो, ती घर सोडून निघते आणि परत येते. मग नोंदणी पद्धतीनं लग्न, मूल, स्वतःच्या घराची स्वप्नं. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच एक दिवस आर्चीचा भाऊ प्रिन्स आणि नातेवाईक भेटवस्तू घेऊन दारात उभे राहतात. आर्ची त्यांना चहा करून देते.

त्यानंतर काय होतं हे पडद्यावर दिसत नाही. दिसतं ते लहान मूल आणि त्याची रक्तात भिजलेली पावलं. संगीत बंद. रडण्याचा आवाजही बंद.

तासाभरापूर्वी ज्या थिएटरमध्ये शिट्ट्या पडत होत्या, तिथून लोक न बोलता बाहेर पडायचे. ज्यांनी तो शो थिएटरमध्ये पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. 'सैराट'वर टीका करणारा प्रत्येक गट यातला एकच तुकडा डोळ्यापुढं ठेवून बोलतो. कुठला, ते एकेक करून बघू.

आक्षेप पहिला : "पोरं बिघडली"

हा आक्षेप सगळ्यात जास्त घराघरांत घेतला गेला. कॉलेजातली कोवळी पोरं प्रेमात पडतात, पळून जातात आणि सिनेमा त्याचं कौतुक करतो. आपल्या मुलीनं हे बघून तसंच काही केलं तर, ही ती भीती.

भीती खोटी म्हणता येणार नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिच्या संमतीला कायदा संमती मानत नाही आणि त्या वयातल्या संबंधांसाठी मुलावर पोक्सोसारख्या कडक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षण अर्धवट सुटतं ते वेगळंच. आईबापांची काळजी फक्त अब्रूची नसते.

पण हा आक्षेप पहिल्या तुकड्यावर आहे. दुसऱ्या तुकड्यात पळून जाण्याचं कौतुक कुठंच नाही. हैदराबादच्या त्या खोलीत रडणारी आर्ची पाहून कुणाला पळून जावंसं वाटेल? प्रेमात पडलेल्या पोरांना पैसे, घर, काम, एकटेपणा यांचा हिशेब इतका रोखठोक समजावणारा दुसरा मराठी सिनेमा शोधावा लागेल.

दुसरं म्हणजे, तारखा बघा. अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली १ जानेवारी २०१३ ला. त्यामागचं कारण होतं त्यांच्यातल्या एकाचे मराठा मुलीशी असलेले प्रेमसंबंध. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाला मारण्यात आलं २८ एप्रिल २०१४ ला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, या संशयावरून. 'सैराट' तेव्हा आलेलाही नव्हता. खर्ड्याच्या घटनेला दोन वर्षं पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्रदर्शित झाला.

प्रेम करणारी मुलं आणि त्यांना मारणारे लोक, दोघंही सिनेमाच्या आधीपासून इथंच होते.

आक्षेप दुसरा : "दर वेळी पाटीलच वाईट का?"

आर्चीचं घर पाटलांचं. वडील तात्या तालुक्याचं राजकारण चालवतात. भाऊ प्रिन्स माजलेला. शेवटी खून करणारेही याच घरातले. त्यामुळं एका समाजाला खलनायक ठरवलं, असा सूर निघाला.

खरं तर मराठी सिनेमाला वाईट पाटील नवा नाही. निळू फुल्यांनी दुष्ट पाटील, सरपंच आणि साखरसम्राट इतक्या वेळा रंगवले की गावात बायका त्यांना खरोखरच वाईट माणूस समजायच्या, असे किस्से सांगितले जातात. 'सामना' १९७५ चा. तेव्हाच्या पाटलांवरून एवढा गदारोळ झाला नाही. मग 'सैराट'चाच पाटील का बोचला?

कारण जुन्या सिनेमांत पाटील वाईट असायचा आणि त्याची शिकार व्हायची गरिबाघरची लेक. इथं सिनेमाची हिरो पाटलाचीच लेक आहे. ती स्वतः मुलगा निवडते. पोलीस ठाण्यात घरच्यांनी परश्यावर आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार केलेली असते, तेव्हा तीच ती तक्रार धुडकावून लावते. आपल्याच घराविरुद्ध उभी राहणारी ही मुलगी प्रेक्षकांना आवडते, तिच्यासाठी शिट्ट्या वाजतात. हे पचायला जड गेलं.

सिनेमानं याची तयारी सुरुवातीलाच करून ठेवली होती. आठवत असेल तर पहिल्या काही मिनिटांत तात्यांचं प्रचाराचं भाषण आहे. ज्याला घरातली बाई सांभाळता येत नाही तो तालुका काय सांभाळणार, असा टोमणा ते विरोधकाला मारतात आणि सभा हसते. पुढं त्यांचीच लेक पळून गेल्यावर तोच टोमणा त्यांच्यावर उलटतो आणि राजकारणातली त्यांची किंमत उतरते. घरातल्या बाईवरून पुरुषाची पत ठरवायची ही सवय फक्त एका जातीची आहे का? सिनेमा तसं म्हणत नाही. पळून गेलेल्या परश्याच्या बापाला त्याच्याच जातपंचायतीपुढं स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं लागतं. मुलीचं लग्न जमावं म्हणून तो गयावया करतो. म्हणजे शिक्षा करणारे दोन्हीकडं आहेत. फरक एवढाच, की एका बाजूकडं बंदूक आणि सत्ता आहे.

आक्षेप तिसरा : "जात गाण्यात बुडवली"

हा आक्षेप उलट्या दिशेनं आला. पुरोगामी आणि आंबेडकरी वर्तुळातल्या काही वाचक-प्रेक्षकांनी विचारलं, 'फँड्री'च्या शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर आला होता, तो 'सैराट'मध्ये कुठं गेला? इथं जातीची नावंही फारशी उच्चारली जात नाहीत. लोक 'झिंगाट'वर नाचले, पॉपकॉर्न खाऊन घरी गेले. त्यांच्या डोक्यात काय बदललं?

हा प्रश्न सोपा नाही. आजही 'झिंगाट' ज्या लग्नांत वाजतं, त्यातली बहुतेक लग्नं जात बघूनच ठरलेली असतात. वरातीत नाचणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

पण पहिल्या तुकड्यातच एक प्रसंग आहे, जो गाण्यांच्या नादात अनेकांच्या हातून निसटला. कॉलेजात लोखंडे सर दलित साहित्य शिकवत असतात. प्रिन्स वर्गात फोनवर बोलत राहतो. सर त्याला हटकतात. प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली मारतो. प्रकरण तात्यांच्या घरी जातं तेव्हा कौतुक होतं लेकाच्या रुबाबाचं आणि समजूत काढली जाते सरांची. पोरगा कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं ना!

शिक्षकाला मारून काही झालं नाही, हे त्या पोरानं त्या दिवशी शिकून घेतलं. शेवटच्या प्रसंगातला खून करायला तोच पोरगा येतो. सिनेमा जात बोलून दाखवत नाही, ती कशी चालते ते दाखवतो. फक्त आपण तेव्हा पुढच्या गाण्याची वाट बघत होतो.

भीमेच्या काठावरची तीन वर्षं

'सैराट'वरची भांडणं समजून घ्यायची तर तेव्हाचं वातावरणही आठवायला हवं. त्यासाठी नकाशावर भीमा नदी बघा. भीमाशंकरला उगम पावलेली ही नदी शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळून वाहते, दौंडकडून पुढं जाते आणि उजनी धरणात साठते. उजनीचं पाणी पसरलंय ते करमाळा तालुक्यात. 'सैराट'चं शूटिंग झालं ते याच भागात.

सिनेमा प्रदर्शित होऊन अडीच महिने झाले होते. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका अल्पवयीन मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते. राज्य हादरलं. ऑगस्टपासून मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले. गुन्हेगारांना फाशी, आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल अशा मागण्या होत्या. दलित संघटनांना ॲट्रॉसिटीला हात लागण्याची काळजी वाटू लागली. सोशल मीडियावर दोन्हीकडून पोस्टी फिरू लागल्या आणि त्यात काहींनी 'सैराट'लाही ओढलं. असले सिनेमे निघतात म्हणून आमच्या मुलींवर हात टाकायची हिंमत होते, असा तो युक्तिवाद.

इथं दोन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. कोपर्डीत झाला तो बलात्कार आणि खून. 'सैराट'मध्ये आहे ते दोघांच्या राजीखुशीचं प्रेम. पहिल्या प्रकारात मुलीची इच्छा चिरडली गेली. दुसऱ्यात तिच्या इच्छेवरच सगळी गोष्ट उभी आहे. दोन्हींना एकच नाव द्यायचं तर मुलीला स्वतःची इच्छा असते हेच विसरावं लागतं.

पुढचं वर्ष, नोव्हेंबर २०१७. अहमदनगरच्या न्यायालयात एकाच महिन्यात दोन निकाल लागले. खर्डा प्रकरणात अनेक साक्षीदार फिरले आणि आरोपी निर्दोष सुटले. काही दिवसांतच कोपर्डी प्रकरणात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दोन निकालांची तुलना सुरू झाली आणि जखमा पुन्हा ओल्या झाल्या.

त्यानंतर १ जानेवारी २०१८. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला २०० वर्षं पूर्ण होत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठ्या संख्येनं महार सैनिक होते आणि समोर होती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ ला तिथल्या जयस्तंभाला भेट दिली होती, तेव्हापासून दरवर्षी तिथं अभिवादनाला गर्दी होते. २०१८ ला त्याच दिवशी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला. गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्याच महिन्यात नाशिकच्या न्यायालयानं सोनई प्रकरणात सहा जणांना फाशी सुनावली.

कोरेगाव भीमाचा आणि 'सैराट'चा थेट संबंध नाही. पण २०१६ ते २०१८ या काळात आपल्याकडं जात हा विषय किती नाजूक झाला होता, हे यावरून कळतं. अशा वेळी पाटलाची लेक आणि काळेंचा पोरगा यांची गोष्ट ही फक्त एक गोष्ट म्हणून बघितली जाणं अवघडच होतं. जो तो आपापली जखम घेऊन थिएटरात गेला.

'टायटॅनिक'चंही असंच झालं होतं

श्रीमंत घरातली मुलगी, गरीब मुलगा आणि शेवटी सगळं बुडतं. ही चौकट जगानं मोठ्या पडद्यावर पाहिली ती १९९७ च्या 'टायटॅनिक'मध्ये. जेम्स कॅमेरॉनच्या या सिनेमानं कमाईत पहिल्यांदा १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि ११ ऑस्कर जिंकले. पण गंमत बघा, १४ नामांकनं मिळालेल्या या सिनेमाला पटकथेचं नामांकन मात्र मिळालं नाही.

त्यावरही लोक असेच वाटले गेले. एक गट म्हणायचा, सुमारे दीड हजार माणसं बुडाली त्या दुर्घटनेवर ही फिल्मी प्रेमकथा कशाला चिकटवली? दुसरा गट म्हणायचा, जॅक आणि रोज नसते तर १९१२ च्या त्या बोटीची आठवण आज कुणाला असती?

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. त्या बोटीवर पहिल्या वर्गातले सुमारे ६२ टक्के प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातले जेमतेम २५ टक्के. रोज पहिल्या वर्गातली, जॅक तिसऱ्या वर्गातला. म्हणजे प्रेमकथा दुर्घटनेला चिकटवलेली नव्हती. कोण जगणार आणि कोण मरणार हे तिकिटावरून कसं ठरलं, ते त्या दोघांमुळंच आपल्याला कळतं.

'सैराट'चंही तेच आहे. फरक एवढाच, की 'टायटॅनिक' बघायला जाताना बोट बुडणार हे सगळ्यांना माहीत होतं. 'सैराट' बघायला जाताना आपण विसरून गेलो होतो.

जात काढून टाकली की काय उरतं?

याचं उत्तर दोन वर्षांत मिळालं. 'सैराट'चे कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली असे रिमेक झाले. जुलै २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. जान्हवी कपूर, ईशान खट्टर आणि उदयपूरचे राजवाडे. 'झिंगाट'ही हिंदीत गेलं.

'धडक'नं पैसे कमावले, पण 'सैराट' पाहिलेल्यांची तक्रार एकच होती. मुलाची जात एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली. राग कशाचा आहे, हेच नीट कळत नाही. शेवटही बदलला. तिथं मुलगा आणि बाळ मारलं जातं आणि मुलगी जिवंत राहते.

'सैराट'मध्ये जात सांगितली नाही म्हणणाऱ्यांना आणि 'सैराट'मध्ये उगाच जात आणली म्हणणाऱ्यांना, दोघांनाही 'धडक' हे उत्तर आहे. तेच गाणं, तीच गोष्ट, पण काहीतरी गेलं. जे गेलं तेच 'सैराट'मध्ये होतं.

सिनेमा बाजूला ठेवू, कायदा काय सांगतो?

या भांडणात एक गोष्ट मागं पडते. ती आर्ची आणि परश्याला माहीत असती तर बरं झालं असतं.

मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर दोघं जात-धर्म न बघता लग्न करू शकतात. आईबापांची परवानगी कायद्यानं लागत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. त्यानुसार विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. पळून आलेल्या जोडप्यांसाठी हाच काळ सगळ्यात धोक्याचा ठरतो, कारण नोटीस कार्यालयात लावली जाते आणि कोण कुठं आहे हे घरच्यांना कळू शकतं.

२७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुठल्याही पंचायतीनं किंवा जमावानं लुडबुड करणं बेकायदा आहे, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. धोका असलेल्या जोडप्याला पोलीस संरक्षण द्यावं, सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि २४ तासांची हेल्पलाइन असावी, असंही सांगितलं. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायला सांगितलं.

शिवाय महाराष्ट्र सरकार आंतरजातीय विवाहासाठी ५० हजार रुपयांचं अनुदान देतं. जोडप्यातला एक जण मागासवर्गीय आणि दुसरा सवर्ण असेल तर ते मिळू शकतं. म्हणजे ज्या लग्नासाठी सरकार बक्षीस देतं, त्याच लग्नासाठी घरचे जीव घेतात.

आणि हे सिनेमापुरतं नाही. डिसेंबर २०२१. औरंगाबाद जिल्ह्यातला वैजापूर तालुका. मनाविरुद्ध लग्न केलेल्या १९ वर्षांच्या गर्भवती मुलीच्या घरी आई आणि भाऊ आले. माहेरची माणसं आली म्हणून ती आत चहा ठेवायला गेली. तिथंच तिच्यावर कोयत्यानं वार झाले. बातम्यांमध्ये पुन्हा तोच शब्द आला, 'सैराट'.

मग खरं कुणाचं?

'सैराट' या शब्दाचा अर्थ मोकाट, बेभान, सैरावैरा सुटलेलं. नाव ऐकून सगळ्यांना वाटलं की हे नाव आर्ची-परश्याच्या प्रेमाला दिलंय. पोरं बिघडली म्हणणारेही तसंच समजले आणि 'झिंगाट'वर नाचणारेही.

पण पूर्ण सिनेमा पाहिला तर प्रश्न पडतो, बेभान नेमकं कोण झालं होतं? शाळेतून कॉलेजात गेलेली, नंतर कामाला लागलेली, भाडं भरणारी, मूल वाढवणारी दोन पोरं? की काही वर्षांनंतरही पत्ता शोधत, हातात भेटवस्तू घेऊन आलेली ती माणसं?

ज्यांना पहिला तुकडा आवडला त्यांनी दुसरा पुन्हा एकदा बघायला हवा. ज्यांना पहिल्या तुकड्याचा राग आला त्यांनीही. दुसऱ्या तुकड्यात गाणी नाहीत म्हणून टीव्हीवर 'सैराट' लागला की अनेक जण मध्यंतरानंतर चॅनेल बदलतात. आर्ची बुलेटवर असते तोवर बघायचं आणि मग उठायचं.

पुढच्या वेळी लागला तर उठू नका. आर्ची चहा ठेवते तो प्रसंग येईपर्यंत थांबा. मग ठरवा, तुम्ही कुठल्या गटात आहात ते.